चारशे सतरा नंबरची घंटा

जेवताना बोलू नये, हे मला लहानपणापासून माहीत आहे. सासुरवाडीला जेवताना तर मुळीच बोलू नये, हे लग्नानंतर कळलं. तरीही त्या रविवारी मी बोललो आणि पुढचे कित्येक महिने जगाच्या पाठीवर एक दुमजली बस शोधत हिंडलो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

विषय नेहमीचाच होता. माझे सासरे डबलडेकरचे ड्रायव्हर होते आणि सासूबाई त्याच गाडीवर कंडक्टर. गाडीचा नंबर चारशे सतरा. त्या गाड्यांत ड्रायव्हरची केबिन पुढे वेगळी, चहूबाजूंनी बंद. कंडक्टर मागे काय करतोय हे त्याला दिसत नसे. दोघांचं बोलणं फक्त घंटेतून. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. संसार सुखाचा व्हायला नवरा-बायकोत एवढं संभाषण पुरेसं असतं, असं माझं स्वतःचं मत आहे. पण एके दिवशी त्यातही घोळ झालाच.

झालं असं, की हॉस्पिटलच्या थांब्यावर एक म्हातारी शिलाई मशीन घेऊन उतरत होती. सासूबाई तिला हात द्यायला खाली उतरल्या. इकडे केबिनमध्ये टण टण अशी घंटा वाजली आणि सासऱ्यांनी गाडी सोडली. सासूबाई फुटपाथवर, खांद्याला तिकिटांची पिशवी, शेजारी म्हातारी आणि शिलाई मशीन. गाडी कंडक्टरशिवाय थेट शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. उतारू भलतेच खूश होते म्हणतात. सासूबाईंना मागून आलेल्या गाडीत बसावं लागलं आणि त्या गाडीवरच्या कंडक्टरने, म्हणजे त्यांच्याच खात्यातल्या माणसाने, त्यांना तिकीट काढायला लावलं. जन्मात त्यांनी काढलेलं हे एकमेव बसचं तिकीट. तो घाव अजून ओला आहे.

सासऱ्यांचं म्हणणं, "घंटा दोनदा वाजली. ती घंटाच बिघडलेली होती. वरच्या मजल्यावर कुणी धप्पकन पाय आपटला की आपोआप वाजायची."

सासूबाईंचं म्हणणं, "घंटेला काही धाड भरली नव्हती. बिघडलेले होते ते कान. अजूनही आहेत."

हा खटला माझं लग्न व्हायच्या आधीपासून चालू आहे. दर रविवारी दोन्ही बाजूंचे तेच युक्तिवाद होतात, निकाल राखून ठेवला जातो आणि ताटं उचलली जातात. शहाणा जावई अशा वेळी ताटाकडे बघतो. पण मी म्हणालो, "बाबा, एवढंच आहे ना? मग ती बस शोधू आणि घंटा वाजवून बघू. हल्ली काहीही सापडतं."

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. सासऱ्यांनी घास ताटात ठेवला. "त्या सगळ्या गाड्या परदेशी विकल्या," ते म्हणाले. "पण सापडली तर मी खरा ठरेन. खरंच शोधाल तुम्ही?" एवढ्या आशेने त्यांनी माझ्याकडे कधीही पाहिलेलं नव्हतं. मुलगी मागायला गेलो होतो तेव्हासुद्धा नाही.

"शोधू देत," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंना वेळ आहे."

इथे थोडं विषयांतर करतो, कारण माझ्या मनातलं एक शल्य सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या घरात जेवायला कुणी हाका मारत नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून पातेल्यावर डावाने दोन टोले देतात. दोन टोले झाले की सगळ्यांनी उठायचं. एक टोला म्हणजे जे चाललंय ते बंद. मी हपिसात हेडक्लार्क आहे, माझ्या हाताखाली माणसं आहेत, पण इथे पातेलं वाजलं की मीही उठतो. त्याचंही काही नाही. शल्य आहे ते चमच्याचं. सासू-सासऱ्यांना लग्नात डेपोतल्या मंडळींनी सहा चमचे दिले होते, दांड्यावर फूल आणि दोन पानं कोरलेले. आमच्या लग्नानंतर मोजले तर पाच भरले. सहावा गेला कुठे? सासूबाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त म्हणाल्या, "लग्नाचं घर, दोन्हीकडची माणसं." पण आमच्याकडून माझी आई स्वयंपाकघरात दोनदा येऊन गेली होती, हे त्यांच्या लक्षात होतं. तेव्हापासून टेबलावर पाच चमचे फुलाचे आणि एक साधा, दांडा वाकलेला. तो साधा चमचा आजतागायत न चुकता माझ्या ताटाशी येतो. पाहुणे नसले आणि आम्ही चौघंच असलो, तरीसुद्धा.

असो. सोमवारी अर्धी रजा टाकून मी बस कंपनीच्या मुख्य कचेरीत गेलो.

"चारशे सतराची चौकशी करायची होती," मी खिडकीवरच्या बाईंना म्हणालो.

"समोरच्या थांब्यावर उभे राहा. आत्ता येईल."

मी चकित झालो. मी खरोखरच जाऊन थांब्यावर उभा राहिलो. थोड्या वेळाने चारशे सतरा आली. नवी, एकमजली, गारेगार. तो मार्गाचा नंबर होता. मला हवा होता गाडीचा. हा फरक मी परत येऊन बाईंना समजावला, तेव्हा मागच्या रांगेने माझ्याविषयी काही मतं व्यक्त केली.

"म्हणजे तुमची बस हरवलीय?" बाईंनी विचारलं.

"माझी नाही. सासऱ्यांची. आणि हरवली नाही, विकली."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. ती कुठे आहे ते हवंय."

"म्हणजे हरवलीच की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला हरवले-सापडले खात्यात पाठवलं.

तिथला माणूस सज्जन होता. त्याने वर्णन विचारलं. मी म्हणालो, लाल, दुमजली, जिना मागच्या बाजूला. त्याने आत जाऊन बघून येतो म्हटलं. तो आत काय बघायला गेला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. परत आला आणि म्हणाला, "लाल असं काही नाही. काळी छत्री आहे एक." त्याने इतक्या आपुलकीने ती पुढे केली, की मला नाही म्हणवेना. ती आमच्या घरी आहे. कुणाची असेल त्यांनी घेऊन जावी.

शेवटी जुन्या सामानाच्या खात्यात एवढं कळलं, की सगळ्या डबलडेकर एका व्यापाऱ्याने घाऊक घेतल्या आणि जहाजावर चढवल्या. व्यापारी आता हयात नाही. जहाजाचं माहीत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त भूगोल मास्तर राहतात. जिन्यात मी त्यांना सहज बोलून गेलो आणि संध्याकाळी ते जगाचा नकाशा घेऊन आले. बायकोने हौसेने लावलेलं कापडी चित्र त्यांनी उतरवलं, नकाशा ठोकला आणि टाचण्यांची डबी माझ्या हातात दिली. "शोध नेहमी वाऱ्याच्या दिशेने सुरू करावा," ते म्हणाले.

"मास्तर, बस आहे ती. गलबत नव्हे."

"जहाजानेच गेली ना?"

आता जुन्या बसवर जीव टाकणारी माणसं जगात आहेत, हे तुम्हाला माहीत नसेल. मलाही नव्हतं. त्यांचे संगणकावर अड्डे आहेत. त्यातल्या एका अड्ड्यावर मी सगळी हकीकत टाकली. ज्या भाषेत टाकली ती माझी नव्हती आणि ज्यांनी वाचली त्यांचीही नव्हती, त्यामुळे पहिले काही दिवस लोक मला सासरे वारल्याबद्दल दुखवट्याचे संदेश पाठवत होते. ते निस्तरतोय तोच एका थंड देशातून फोटो आला. लाल डबलडेकर, आणि पुढे स्वच्छ अक्षरांत चारशे सतरा. एका गृहस्थाने तिच्यात कॉफीचं दुकान काढलं होतं.

मी सासऱ्यांना फोन केला. बिल्डिंगभर सांगितलं. मास्तरांनी टाचणी टोचली. हपिसात साहेबांनी स्वतः विचारपूस केली, जी त्यांनी माझ्या अपेंडिक्सच्या वेळी केली नव्हती. दोन दिवस मी रस्त्याने जरा छाती पुढे काढूनच चालत होतो.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच खंडातून एका दंतवैद्याचं पत्र आलं. चारशे सतरा त्याच्याकडे आहे, असं त्याचं म्हणणं होतं. गेली कित्येक वर्षं तो तिला रविवारी फिरवतो. इंजिनावर कोरलेल्या आकड्याचा फोटोही त्याने जोडला होता. मी तो सासऱ्यांना दाखवला. "हो, इंजिन आपलंच," ते म्हणाले. मास्तरांनी दुसरी टाचणी टोचली आणि माझ्याकडे, उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

मी दंतवैद्याला लिहिलं, की एकच बस दोन देशांत कशी असेल? त्याने आनंदाने लांबलचक उत्तर पाठवलं. ते मी तीनदा वाचलं आणि दर वेळी मला वेगळं समजलं. सार असं, की आमच्या बस कंपनीच्या कारखान्यात मोठ्या दुरुस्तीची एक पद्धत होती. गाडी आली की वरचा सांगाडा क्रेनने उचलून बाजूला ठेवायचे आणि खालची चाकं-इंजिन दुसरीकडे न्यायचे. मग जो सांगाडा आधी तयार होईल तो, जी चाकं आधी तयार होतील त्यांच्यावर बसवायचे. आणि जी गाडी आधी बाहेर पडेल तिला, आत आलेल्या गाडीचा नंबर द्यायचे, म्हणजे कागदोपत्री एकही गाडी जास्त दिवस बंद दिसत नसे. म्हणजे चारशे सतरा आत जायची आणि चारशे सतराच बाहेर यायची, पण ती ती नसायची. "कवळी एकाची, जबडा दुसऱ्याचा आणि नाव तिसऱ्याचं," दंतवैद्याने त्याच्या परीने सोपं करून सांगितलं होतं. त्यानंतर मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

मी सासऱ्यांकडे धावलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हो. तसंच करायचे," ते म्हणाले. "शेवटच्या दुरुस्तीत झालीच होती अदलाबदल."

"मग आधी का नाही सांगितलंत, बाबा?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणालात, शोधतो. म्हटलं, माहीत असेल."

म्हणजे नंबर एका देशात, इंजिन दुसऱ्या देशात. पण भांडण होतं घंटेचं, आणि घंटा सांगाड्यात असते. त्या घटनेच्या वेळी जो सांगाडा होता, तो तिसरीकडेच कुठेतरी. दरम्यान गल्लीत चर्चा सुरू झाली होती. इस्त्रीवाला मला "किती झाल्या?" असं विचारायला लागला. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी सल्ला दिला, की दोन्ही मालकांना नोटीस पाठवा. कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, पण पाठवाच म्हणाल्या. बायकोने एवढंच विचारलं, "माझं कापडी चित्र भिंतीवर परत कधी लागणार?"

मी अड्ड्यावर नवा प्रश्न टाकला: ज्यांच्याकडे आमच्या शहरातली डबलडेकर असेल त्यांनी कळवावं, की तिची घंटा आपोआप वाजते का? यावर बऱ्याच जणांनी मला डॉक्टर गाठायचा सल्ला दिला. एकाने स्वतःच्याच घराची घंटा आपोआप वाजते म्हणून चार पानं लिहिली. आणि मग एका बेटावरच्या शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर आलं. त्यांच्या आवारात एका डबलडेकरचा नुसता सांगाडा विटांवर ठेवलेला होता. खाली चाकं नाहीत, पुढे इंजिन नाही. त्यात मुलांचं वाचनालय होतं. घंटेला त्यांनी बॅटरी जोडून ठेवली होती, कारण मुलांना ती आवडायची. 'मात्र ती मधूनच वाजते,' बाईंनी लिहिलं होतं. 'वाचनालयात शांतता राखण्याच्या दृष्टीने हे गैरसोयीचं आहे.'

मास्तरांनी तिसरी टाचणी टोचली आणि दोन पावलं मागे जाऊन नकाशाकडे बघितलं. मीही.

रविवारी सकाळी सासऱ्यांच्या घरी सगळे जमलो. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मास्तर न बोलावता आले होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात डाव हातात घेऊन उभ्या होत्या, "मला काही बघायचं नाही" असं म्हणत. टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर मुख्याध्यापिका आल्या, हसऱ्या, जाड चष्म्याच्या. आम्ही एकमेकांना बराच वेळ "ऐकू येतंय का" असं विचारलं. हे सगळ्या जगात विचारतात असं दिसतं.

बाई फोन घेऊन सांगाड्यात शिरल्या. जिथे उतारू बसायचे तिथे पुस्तकांचे खण होते. जिन्याचा दांडा हातांनी झिजून पिवळा झाला होता. सासरे पुढे सरकले. मग बाई बाहेरून वळसा घालून केबिनकडे गेल्या. तिथे ड्रायव्हरच्या जागेवर एक उशी होती आणि बाजूच्या आकड्याला पृथ्वीचा छोटा गोल टांगलेला होता.

"हा आकडा गाडीबरोबरच आला," बाई म्हणाल्या आणि कौतुकाने त्यांनी फोन जवळ नेला.

तो आकडा नव्हता. तो चमचा होता. वाकवून, दोन स्क्रूंनी लाकडात पक्का बसवलेला. दांड्यावर एक फूल आणि दोन पानं.

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते हनुवटी खाजवत छताकडे बघत होते. टोपी टांगायला घरातला चमचा नेला, घरात सांगायची हिंमत झाली नाही, आणि पुढे आपल्या मुलीच्या सासूवर आळ आला तरी हा माणूस वर्षानुवर्षं रविवारच्या रविवार माझ्यासमोर बसून मुकाट जेवत राहिला. माझ्या डोळ्यांपुढे माझी आई आली. त्या स्वयंपाकघरात ती फक्त पाणी प्यायला गेली होती. मी रागाने बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता घंटा."

त्यांनी इशारा केला. वरच्या मजल्यावर, सुट्टी असूनही खास बोलावलेला, सगळा वर्ग उभा होता. मुलांनी एकदम उडी मारली. सांगाडा हादरला आणि कुणीही हात न लावता केबिनमध्ये घंटा वाजली. टण टण. स्पष्ट, दोनदा.

मास्तरांनी हळूच टाळी वाजवायला हात वर केले आणि तसेच धरून ठेवले. सासूबाई केव्हा पुढे येऊन सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं. त्यांचा चष्मा नाकावर होता आणि चेहरा उतरला होता. इतकी वर्षं रोज फणकाऱ्याने बोलणारी बाई एकाएकी थकलेली दिसली. मला त्यांची दया येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण आली. सासऱ्यांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग ते फोनकडे वळले. "गाडी छान ठेवलीय तुम्ही," ते म्हणाले. "मुलांना माझे आशीर्वाद सांगा. पण ही आमची गाडी नव्हे."

"नव्हे?" मास्तर ओरडले.

"नव्हे. आमच्या जिन्याला डावीकडे पोचा होता. ही दुसरी."

सासूबाई आत गेल्या. माझी इतक्या महिन्यांची मेहनत, अर्ध्या रजा, ती छत्री, गल्लीतली बेअब्रू. वर आईच्या निर्दोषपणाचा पुरावा डोळ्यांसमोर लटकत होता, आणि त्याला पृथ्वीचा गोल टांगलेला. मी म्हणालो, "पण बाबा, तो चम—"

आतून पातेल्यावर टोला पडला. एकच.

मी थांबलो. इतक्या वर्षांची सवय.

बाईंचे आभार मानून फोन बंद केला. मास्तर पुटपुटत गेले, ते बायकोकडून किल्ली घेऊन थेट आमच्या घरी, टाचण्या काढायला. थोड्या वेळाने आतून दोन टोले पडले आणि सासरे लगेच उठले, आम्हीही उठलो. मी मान खाली घालून पानावर बसलो. चमचा उचलला, रश्श्यात बुडवला आणि मग माझं लक्ष गेलं. दांड्यावर फूल होतं.

मी समोर बघितलं. वाकडा चमचा सासूबाईंच्या ताटाशी होता. त्या खाली बघून जेवत होत्या. बायकोने माझ्या हाताकडे बघितलं, आईच्या हाताकडे बघितलं आणि चकित होऊन काहीतरी विचारणार होती. या वेळी टेबलाखालून मी तिच्या पायावर पाय दिला.

"काही म्हण," सासरे घास घेत म्हणाले, "पण त्या दिवशी घंटा दोनदा वाजली होती."

सासूबाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर रंग परत आला होता. "तुमच्या कानात," त्या म्हणाल्या. "आईकडे कधी जाणार आहात, जावईबापू? त्यांना एकदा जेवायला घेऊन या."

मी म्हटलं, आणतो.

आमच्या भिंतीला आता तीन भोकं आहेत आणि त्यांच्यावर कापडी चित्र आहे. इस्त्रीवाला अजून विचारतो, "साहेब, सापडली का बस?" मी सांगतो, नाही बुवा, चुकीची निघाली.